ब्रॉड स्ट्रीटवरचा हत्ती

ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटच्या पूर्व टोकाला एका इमारतीच्या डोक्यावर हत्ती आहे. वाऱ्याची दिशा दाखवणारा, धातूचा. तिथे गेलो तेव्हा पहिला फोटो मी त्याचाच काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बघा, इथेही आपला हत्ती!' दोन मिनिटांत अंगठ्यांचा पाऊस. फक्त काकांनी विचारलं, 'आपला म्हणजे कसा रे?'

प्रश्न खवचट नव्हता, पण मला उत्तर देता आलं नाही. ते द्यायचं तर आधी अख्खा रस्ता नीट बघावा लागतो.

रस्ता तसा छोटा. रमतगमत चाललात तरी दहा मिनिटांत संपतो, पण नावाप्रमाणे चांगला ऐसपैस आहे. मध्ययुगात हा भाग शहराच्या तटबंदीबाहेर, उत्तरेला होता. इथे घोड्यांचा बाजार भरायचा, म्हणून जुनं नाव हॉर्समंगर स्ट्रीट. आज जिथे पर्यटक सेल्फी काढतात तिथे कधीकाळी घोड्यांचे दात तपासून सौदे व्हायचे. पुढे दोन्ही बाजूंना विद्येची दुकानं आली: बेलियल, ट्रिनिटी, एक्सेटर ही कॉलेजं, ब्लॅकवेल्स हे १८७९ सालचं पुस्तकांचं दुकान, आणि टोकाला बॉडलियन ग्रंथालयाच्या इमारती. प्रत्येक इमारतीला स्वतःबद्दल काहीतरी सांगायचं असतं. माझी तक्रार अशी की, या रस्त्यावर जे जितक्या उंचावरून आणि मोठ्याने सांगितलंय, ते तितकं कमी विश्वासार्ह आहे.

सर्वांत खालून सुरुवात करू. बेलियल कॉलेजसमोर रस्त्याच्या मधोमध दगडांचा एक क्रूस बसवलाय. चबुतरा नाही, पुतळा नाही. सायकली त्याच्यावरून जातात. १६ ऑक्टोबर १५५५ रोजी ह्यू लॅटिमर आणि निकोलस रिडली या दोन प्रोटेस्टंट बिशपांना या जागी जिवंत जाळलं. पुढच्या वर्षी २१ मार्चला आर्चबिशप थॉमस क्रॅनमरला. क्रॅनमरने आधी जीव वाचवण्यासाठी आपली मतं सोडल्याच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. शेवटच्या दिवशी त्याने त्या मागे घेतल्या आणि ज्या हाताने सह्या केल्या तो उजवा हात आधी आगीत धरला.

या तिघांचं भव्य स्मारकही आहे. टोकदार, गॉथिक, १८४० च्या दशकातलं. पण ते इथे नाही, कोपऱ्यावरून वळून सेंट जाइल्स रस्त्याला लागलं की दिसतं. ते उभारलं गेलं तेव्हा इंग्लंडच्या चर्चमध्ये नव्याने भांडण पेटलं होतं आणि एका बाजूला आपलं म्हणणं दगडात मांडायचं होतं. म्हणजे त्याचा संबंध १५५५ शी आहे तितकाच १८४० शी. रस्त्यातला क्रूस मात्र एवढंच म्हणतो: इथे घडलं. मला तो या रस्त्यावरचा सर्वांत प्रामाणिक मजकूर वाटतो.

समोरच्या बाजूने थोडं पुढे गेलं की शेल्डोनियन थिएटर. १६६४ ते १६६९ मध्ये बांधलेलं. याचा आराखडा करणारा ख्रिस्तोफर रेन तेव्हा मुळात खगोलशास्त्राचा प्राध्यापक होता आणि ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक. सुमारे ७० फूट रुंदीचं छत, आणि मध्ये एकही खांब नाही. एवढ्या लांबीचे वासे मिळत नव्हते, म्हणून लहान लाकडं एकमेकांत जोडून कैच्या केल्या. इंजिनियर म्हणून मी इथे मान खाली घातली. हातात आहे त्या सामानात अडचण सोडवणं म्हणजे काय, ते असं.

इमारतीबाहेर कुंपणावर मात्र दाढीवाल्या दगडी डोक्यांची रांग आहे. लोक त्यांना 'सम्राट' म्हणतात. कोणते सम्राट? कोणीच नाही. ते कोणाचेच चेहरे नाहीत. शिवाय हा तिसरा संच. मूळचा झिजला, एकोणिसाव्या शतकात बदललेला हलक्या दगडामुळे त्याहून लवकर झिजला, आणि आताचा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा. 'प्राचीन ऑक्सफर्ड' म्हणून आपण ज्यांचे फोटो काढतो ते चेहरे आपल्या आईबाबांच्या वयाचे आहेत.

याच शेल्डोनियनमध्ये ७ डिसेंबर १८६० रोजी एक मतदान झालं. निवडायचा होता संस्कृतचा प्राध्यापक. हे बोडेन अध्यासन. जोसेफ बोडेन ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकडच्या सैन्यातला अधिकारी. त्याने पैसा ठेवला तो संस्कृतवरच्या प्रेमापोटी नाही. इंग्रजांना संस्कृत यावं आणि भारतीयांचं धर्मांतर करणं सोपं जावं, हा हेतू स्पष्ट होता. एक उमेदवार मॅक्समुल्लर: ऋग्वेदाचा संपादक, पण जन्माने जर्मन आणि धार्मिक मतांनी अनेकांना 'संशयास्पद'. दुसरा मोनियर विल्यम्स: जन्म मुंबईचा, अध्यासनाच्या मूळ हेतूशी जुळणारा. मत द्यायला संस्कृत यायची अट नव्हती, विद्यापीठाची एमए पदवी पुरे. मोनियर विल्यम्स ८३३ विरुद्ध ६१० मतांनी जिंकला. हरलेल्या मॅक्समुल्लरची आपल्याकडे निराळी आठवण आहे. लोकमान्य टिळकांच्या सुटकेसाठी इंग्लंडमध्ये जो अर्ज झाला, त्यावर त्याची सही होती.

हत्तीची इमारत उभी केली ती या मोनियर विल्यम्सने. इंडियन इन्स्टिट्यूट. त्यासाठी त्याने भारतात दौरे केले, निधी जमवला, देणगीदारांत आपले संस्थानिकही होते. १८८३ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते कोनशिला बसली. वास्तुरचनाकार बेसिल चॅम्पनीज. रूप अस्सल इंग्रजी, आणि त्यावर प्राण्यांची, देवदेवतांची शिल्पं. केकवर आयसिंग लावावं तसा भारत लावलाय. आत देवनागरीत कोरलेला संस्कृत फलक आहे. मी गेलो त्या शनिवारी दार बंद होतं, तो मी नंतर फोनवर वाचला. भारत आणि इंग्लंडचा स्नेह वाढो, अशी त्यात प्रार्थना आहे. इमारत आर्यांसाठी आहे असंही म्हटलंय. आणि त्या शब्दात भारतीय आणि इंग्रज दोघेही धरलेत.

वाचताना क्षणभर छाती फुगते, खोटं कशाला बोलू? आपली लिपी, तीही ऑक्सफर्डमध्ये! पण भाषा आपली असली तरी मजकूर कोणाचा? १८८३ मध्ये राज्य करणारा आणि राज्य सोसणारा यांना एका शब्दात बसवायचं, आणि तो शब्दही सोसणाऱ्याच्या भाषेतून उचलायचा. इथे येणाऱ्यांत भारतात अधिकारी म्हणून जाणारी मुलंही होती, म्हणजे भारत समजून घ्यायचा तो चालवण्यासाठी. हा सन्मान नव्हे, असं मी म्हणणार नाही. पण तो बरोबरीचा नव्हता.

फलकाचं आश्वासन किती टिकलं? १९६० च्या दशकात विद्यापीठाला इमारत दुसऱ्या कामासाठी हवी झाली. विरोध होऊनही १९६८ मध्ये ग्रंथालय हलवलं गेलं. आज तिथे विद्यापीठाची दुसरीच संस्था आहे. हत्ती राहिला, कारण तो कोणाच्या अडचणीत येत नव्हता.

इथे मला चिडून थांबता आलं असतं. पण एक गोष्ट आड येते. संस्कृत शब्द अडला की मी फोनवर जो कोश उघडतो, तो याच मोनियर विल्यम्सचा. सुधारित आवृत्ती १८९९ ची, तो गेला त्याच वर्षीची. धर्मांतराच्या पैशातून चालणाऱ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचा कोश मी ज्ञानेश्वरीतला शब्द मुळात कुठून आला ते बघायला वापरतो. हेतू एकाचा, उपयोग दुसऱ्याचा. बोडेनला हे आवडलं नसतं, आणि मला त्यात थोडी मजा वाटते.

म्हणून या रस्त्याबद्दल माझं मत असं. इथल्या वस्तूंची किंमत त्यांच्यावर कोरलेल्या शब्दांवरून करू नये. रेनचं छत, कोश आणि वाटेतला क्रूस, हे तिन्ही स्वतःची जाहिरात न करता आपलं काम करणारे. सम्राटांची डोकी आणि फलकावरचा स्नेह फक्त दिसतात.

काकांना अखेर लिहिलं: 'हत्ती आपल्या पैशाचा, आपल्या नावाचा. पण इमारतीत काय चालेल हे ठरवताना आपल्याला कोणी विचारलं नाही. तेव्हा आपला कोश. हत्ती त्यांचाच.' सोबत रस्त्यातल्या क्रूसाचा फोटो जोडला. त्याला एकही अंगठा आला नाही. काकांचा मात्र फोन आला, आणि आम्ही क्रॅनमरच्या हाताबद्दल अर्धा तास बोललो.