विद्यापीठीय संशोधन : प्रश्न कोणाचा, उत्तर कोणासाठी?

विद्यापीठांतून होणाऱ्या संशोधनाविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत प्राध्यापकवर्गाचे. संशोधन ही ज्ञानाची उपासना आहे, तिच्यात जात आणि चळवळ आणू नये, असे हा वर्ग सांगतो. दुसरे मत कार्यकर्त्यांचे. प्रबंधाने कोणती विहीर खुली झाली, असा सवाल करून ते संशोधनाला मोडीतच काढतात. ही दोन्ही मते तपासून घेतली पाहिजेत. पहिल्यात सोयीस्कर मौन आहे, दुसऱ्यात घाई आहे. आणि या दोहोंच्या मध्ये दलित समाजातून आलेला संशोधक विद्यार्थी आज एकटा उभा आहे.

मी शाळेत असताना आमच्या वस्तीत एक पाहणी झाली होती. दोन तरुण छापील प्रश्नावली घेऊन आले होते. माणसे किती, शिकलेली किती, जमीन किती, पाणी कुठून आणता, असे प्रश्न होते. माझी आई म्हणाली, "गावच्या हिरीवर आमाला चढू देत न्हाईत, म्हनून वढ्याचं आनतो." त्या तरुणाने लिहिले, 'ओढा, अर्धा मैल.' आईच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग कागदावर उतरलाच नाही. त्याच्यासाठी प्रश्नावलीत रकानाच नव्हता. तो तरुण वाईट नव्हता. त्याने वस्तीत चहाही घेतला. परंतु रकाना त्याने आखलेला नव्हता, आणि ज्याने आखला होता त्याला विहिरीवरून कोणी हाकललेले नव्हते. पाण्याचे अंतर मोजले गेले, अंतर पाडणारा मात्र मोजला गेला नाही. विद्यापीठीय संशोधनाची खरी मेख येथेच आहे, असे मला वाटते.

प्रश्न कोण विचारतो यावर उत्तर अवलंबून असते, ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. १८५५ साली जोतीरावांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. म्हणजे महाराष्ट्रात विद्यापीठ येण्याआधीच एका मुलीने दुःखाचे कारण शोधायला सुरुवात केली होती. १८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणाला होतो, हा हिशेब त्यांनी मांडला. शिक्षणाच्या अर्थशास्त्रावरचा तो अभ्यासच होता. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्याच्या लुबाडणुकीच्या वर्णनाबरोबर बंधारे, तलाव, जमिनीची धूप आणि जनावरांची पैदास यांविषयीच्या सूचनाही आहेत. शिक्षण, समाज आणि उपयोजित विज्ञान अशा तीन निरनिराळ्या शाखा जोतीरावांना करता आल्या नाहीत, कारण ज्या माणसासाठी ते लिहीत होते त्याचे जगणे तीन शाखांत वाटलेले नव्हते.

विद्यापीठाच्या चौकटीत राहूनही हे करता येते, याचा पुरावा बाबासाहेबांनी दिला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय २५ वर्षांचे होते. सेनार, नेस्फील्ड, रिस्ले आणि आपले केतकर या अभ्यासकांच्या व्याख्या त्यांनी तपासल्या आणि जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मर्म आहे असा सिद्धांत मांडला. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली ते मर्म टिकवण्यासाठी कशा राबवल्या गेल्या, हे दाखवले. या निबंधाचा विषय अस्पृश्यांचे मागासलेपण हा नाही. त्यांनी भिंग जात घडवणाऱ्या यंत्रणेवर धरले. त्यानंतर 'रुपयाचा प्रश्न' हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला. चलन आणि सरकारी तिजोरी हे विषय 'दलितांचे' नव्हेत, असे त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी ते ऐकले असते काय?

आज मात्र आमच्या विद्यार्थ्याला ते सांगितले जाते. मार्गदर्शक मोठ्या आपुलकीने म्हणतात, "तुम्ही त्या समाजातले, तुम्ही दलित साहित्यावर किंवा दलितांच्या समस्येवरच करा." त्यात सहानुभूती असते, पण कुंपणही असते. गावाबाहेर वस्ती, तशी ज्ञानाच्या क्षेत्रातही एक वस्ती आखून दिलेली आहे. सवर्ण विद्यार्थ्याला मात्र कोणी म्हणत नाही की तुम्ही त्या समाजातले, तेव्हा गावच्या विहिरीवर पहारा का बसतो यावर प्रबंध लिहा.

शिक्षणशास्त्रातील संशोधन पाहा. 'मागासवर्गीय विद्यार्थ्यांची शैक्षणिक संपादणूक' या धर्तीची शीर्षके आपल्या परिचयाची आहेत. या प्रबंधांची रीत ठरलेली असते. विद्यार्थ्यांचे दोन गट करायचे, त्यांचे गुण मोजायचे, फरक काढायचा आणि त्याचे कारण घरात शोधायचे. पालक निरक्षर, घरात दिवा नाही, आकांक्षा कमी. प्रत्येक कारण खरे असू शकते. परंतु जात हा विद्यार्थ्याच्या अंगचा गुणधर्म आहे, असे या रीतीत गृहीत धरलेले असते. जात शाळेलाही असते. ती बाकांच्या रांगेत असते, पाण्याच्या माठाशी असते, हजेरी घेताना आडनावाशी थबकणाऱ्या गुरुजींच्या आवाजात असते. तिच्यासाठी रकाना नसतो.

रकाना आखला तर काय दिसते, याची उदाहरणे आहेत. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांकडे पाठवले. अर्ज ४८०८ होते. मुलाखतीचे बोलावणे येण्याचा संभव दलित आडनावाला सवर्ण हिंदू आडनावाच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच निघाला. येथे दलिताचे मन, घर, आकांक्षा काहीच मोजले नव्हते. अर्ज उघडणाऱ्याचा हात मोजला होता. त्याच वर्षी थोरात समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांविषयी अहवाल दिला. वसतिगृह, खानावळ, खेळाचे मैदान आणि परीक्षा या सर्व ठिकाणी भेदभाव कसा चालतो, हे त्यात नोंदले आहे. म्हणजे पद्धतीत दोष नाही. आकडेशास्त्र आपलेही होऊ शकते. ते कोणाकडे वळवायचे, एवढाच प्रश्न आहे.

सामाजिक प्रश्नांवरील संशोधनाची परीक्षा आपण मराठवाड्यात घेतली आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि खेड्यापाड्यांत दलितांच्या वस्त्या पेटल्या. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधली साडेपंधरा वर्षे हा तंटा ज्या विद्यापीठाच्या नावाचा होता, तेथे समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हे विषय शिकवले जात होते. संशोधनाचे साहित्य दाराशी जळत होते. तरीही दंगलींचा पहिला नेटका अहवाल १९७९ साली आला तो अत्याचारविरोधी समितीच्या कार्यकर्त्यांकडून. गावोगाव फिरून, जमीन, मजुरी आणि मानखंडना यांचे धागे जोडून त्यांनी तो लिहिला. कार्यकर्त्यांनी संशोधन केले आणि संशोधकांनी वस्तुनिष्ठता सांभाळली, असे म्हणावे लागते.

वस्तुनिष्ठतेचा आक्षेप नेहमी घेतला जातो, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. ज्याने सोसले त्याचा अभ्यास एकांगी होतो, असे म्हणतात. होऊ शकतो. पण ज्याने सोसले नाही त्याचा अभ्यास आपोआप सर्वांगी होतो, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते? तटस्थता जन्माने मिळत नाही. ती पुराव्याने आणि आपले गृहीत उघड सांगण्याने मिळवावी लागते. हा नियम दोघांनाही सारखाच लागू केला पाहिजे.

उपयोजित विज्ञानाचा या वादाशी संबंध नाही, असे पुष्कळांना वाटते. यंत्राला कुठे जात असते? आपण गटाराचे उदाहरण घेऊ. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हायड्रोजन सल्फाइड हा वायू किप्सच्या उपकरणातून तयार करायला विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. सडक्या अंड्याचा वास, धुराडे लावलेले कपाट, मास्तरांची ताकीद, हे सर्वांना आठवत असेल. हाच वायू गटारात मैला कुजताना तयार होतो. हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशी साचतो. हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटते वायू गेला. प्रमाण सातशे ते हजारांपर्यंत चढले की काही मिनिटांत माणूस संपतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही राहतो. म्हणूनच वर्तमानपत्रात अशा बातम्या दोघांच्या, तिघांच्या येतात. यातले काहीही विज्ञानाला अज्ञात नाही. कपाट आणि ताकीद प्रयोगशाळेत आहे. गटाराच्या तोंडाशी मात्र फक्त दोर आहे.

या प्रश्नावर अहवालांचीही टंचाई नाही. मुंबई सरकारने १९४९ साली बर्वे समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला. मलकानी समितीचा अहवाल १९६० चा. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, दुसरा आणि अधिक व्यापक कायदा २०१३ साली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. मरणाची किंमत वाढली, मरण थांबले नाही. २०२१ साली केंद्र सरकारने संसदेत सांगितलेला आकडा पाहा. हाताने मैला साफ करणाऱ्या ज्या ४३,७९७ जणांच्या जातीची नोंद उपलब्ध होती, त्यांपैकी ४२,५९४ अनुसूचित जातींचे होते. हा आकडा वाचल्यावर यंत्राला जात नसते असे कोणी म्हणू नये. जे यंत्र बनवले जात नाही, त्याला जात असते.

आता यंत्रे बनू लागली आहेत. केरळमधील तरुण अभियंत्यांनी २०१८ साली गटारात उतरणारे यंत्र तयार केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण यंत्र आणि गटार यांच्यामध्ये नगरपालिकेचे अंदाजपत्रक, निविदा आणि ठेकेदार उभे असतात. यंत्र भाड्याने आणण्यापेक्षा माणूस उतरवणे जोवर स्वस्त आहे, तोवर यंत्र गोदामात राहील. म्हणून यंत्रशास्त्राच्या विभागाने अर्थशास्त्राच्या विभागाला विचारले पाहिजे, अर्थशास्त्राने समाजशास्त्राला, आणि तिघांनी मिळून सफाई कामगाराला. असा एक जरी प्रबंध एखाद्या विद्यापीठाने करवून घेतला, तर मी त्याला खरे उपयोजित विज्ञान म्हणेन.

हे सारे प्रस्थापितांना सुनावून आपली सुटका होत नाही. आपल्याही घरात डोकावले पाहिजे. आपल्यातून शेकडो डॉक्टरेट झाले. त्यांनी काय लिहिले? 'बाबासाहेबांचे अमुकविषयक विचार : एक अभ्यास' असे शीर्षक घ्यायचे, जीवनपटाचे एक प्रकरण, अवतरणांची तीन प्रकरणे आणि शेवटी गौरवाचा समारोप. ज्या माणसाने केतकरांपासून रिस्लेपर्यंत सर्वांना प्रश्न विचारले, त्याच्यावर लिहिताना आम्ही एकही प्रश्न विचारत नाही. ही भक्ती झाली. २०१० च्या सुमारास अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आली आणि शोधनिबंधांचा बाजार भरला. पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांत आपलेही अध्यापक रांगेत उभे राहिले. प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमांत निघाली, पण लागलेली सवय नियमाने जात नाही. नोकरीचा प्रश्न खरा आहे, पोटाला मी नावे ठेवत नाही. पण पोटासाठी लिहिलेल्या पानाला चळवळीचे पान म्हणू नये.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आमचा विद्यार्थी ज्या अवस्थेत संशोधन करतो, ती अवस्था हाच संशोधनाचा विषय आहे. हैदराबाद विद्यापीठातील संशोधक रोहित वेमुला यांची शिष्यवृत्ती काही महिने थांबलेली होती. १७ जानेवारी २०१६ रोजी त्यांनी जीवन संपवले. शिष्यवृत्ती थकते तेव्हा खानावळ बंद होते, घरून पैसे येत नाहीत, उलट घराला पाठवायचे असतात. अशा वेळी 'संशोधनाचा दर्जा घसरला' म्हणणाऱ्यांनी आधी शिष्यवृत्तीच्या तारखा तपासाव्यात.

मग करायचे काय? माझ्या मते तीन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. पहिली, विषय निवडताना भिंग उलटे धरावे. वस्तीऐवजी गाव, पाण्याऐवजी पहारा, विद्यार्थ्याऐवजी शाळा, सफाई कामगाराऐवजी ठेका अभ्यासावा. दुसरी, प्रबंधाचे सार सोप्या मराठीत लिहून ज्या वस्तीत माहिती गोळा केली तेथे वाचून दाखवावे. ज्यांनी उत्तरे दिली त्यांना ती तपासण्याचा हक्क आहे. मौखिक परीक्षा विद्यापीठात होते, ती एकदा वस्तीतही होऊ द्या. तिसरी, कार्यकर्त्यांनी संशोधनाची टिंगल थांबवावी. मोर्चाला आकडा लागतो, न्यायालयाला पुरावा लागतो, आणि दोन्ही गोष्टी रात्री जागून कोणीतरी गोळा केलेल्या असतात. महाडच्या तळ्यावर जाणारा नेता लंडन आणि न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांतून आलेला होता, हे आपण विसरू नये.

माझी आई आता नाही. ती पाहणी कोठे छापली गेली की फडताळात पडून राहिली, हे मला कधी कळले नाही. पण वस्तीत प्रश्नावली घेऊन जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला माझे एकच सांगणे आहे. बाई बोलत असेल तर तिचे वाक्य पुरते लिहून घ्या. रकाना नसेल तर आखा.