‘स्वारातीम’मधला ‘ती’

नांदेडच्या किंवा लातूरच्या कुठल्याही पदवीधराला त्याचे विद्यापीठ विचारा. तो ‘स्वारातीम’ म्हणेल आणि पुढच्या विषयाला लागेल. ‘स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ’ हे भरजरी नाव रोजच्या तोंडात बसायचे, तर त्याची अशी घडी घालावीच लागते. आपण मात्र ती आज सावकाश उलगडू, आणि तिच्यातल्या त्या इवल्या ‘ती’पाशी थोडे रेंगाळू.

तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार, पाण्यात पाऊल टाकून पैलतीर गाठण्याची जागा. गोदाकाठच्या माणसाला हे सांगायला नको. दशनामी संन्याशांच्या दहा नावांतलेही एक ‘तीर्थ’. पण संस्कृतात याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, आणि मला तो सर्वांत मोहक वाटतो: तीर्थ म्हणजे गुरू.

हा अर्थ जिथे देह धरून उभा राहिला ते गाव हिप्परगा. आजच्या धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात. असहकाराच्या लाटेत देशभर राष्ट्रीय शाळा निघाल्या, तशी 1921 साली तिथेही एक निघाली. पण हा मुलूख निजामाचा. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ उघडले तेही उर्दू माध्यमाचे. सरकारदरबारी मराठीला मान नव्हता. अशा काळात खेड्यातल्या पोरांना त्यांच्याच भाषेत देशाची ओळख करून देणे, ही साधी दिसणारी गोष्ट किती धाडसाची होती! त्या शाळेत व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नावाचे मास्तर आले, मुख्याध्यापक झाले, आणि तिथे असतानाच त्यांनी संन्यास घेतला. नवे नाव रामानंद तीर्थ. ज्या स्वामी रामतीर्थांच्या विचारांनी त्यांना ओढले, ते स्वतः संन्यासापूर्वी लाहोरला गणित शिकवीत, हा योगायोगही चाखून पाहावा असा. आणि यातले खरे माधुर्य पुढेच आहे: संन्यासी घर सोडतो, गाव सोडतो, या संन्याशाने शाळा सोडली नाही. भगव्या छाटीतला हेडमास्तर! 1935 मध्ये ते अंबाजोगाईला गेले, तेही मठात नव्हे, योगेश्वरीच्या शाळेत. फळा सुटला तो निजाम राजवटीविरुद्धच्या 1938 च्या सत्याग्रहात, तुरुंगाची वाट धरताना.

हैदराबाद मुक्तिसंग्राम संपल्यावरही शिक्षणाची ही ओढ आटली नाही. 1950 मध्ये नांदेडला त्यांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज उभे राहिले. संन्याशाने उभारलेल्या या महाविद्यालयात पुढे नरहर कुरुंदकर प्राचार्य झाले, स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवणारे. यात विसंगती शोधणाऱ्याने खुशाल शोधावी. मला तर यात हिप्परग्याच्या त्या शाळेच्या संस्काराची लांबवर गेलेली सावली दिसते.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. स्वामींच्या नावाचे हे विद्यापीठ जन्मले तेही 17 सप्टेंबरलाच, 1994 साली. नांदेडजवळ विष्णुपुरीला त्याचा मुख्य परिसर, लातूरला उपकेंद्र. आता पुन्हा त्या ‘ती’कडे वळू. एकाच गुरूपाशी शिकलेल्यांना संस्कृतात ‘सतीर्थ्य’ म्हणतात. गुणपत्रिकेवर एकच नाव मिरवणारी नांदेडची मुलगी आणि लातूरचा मुलगा एसटीत शेजारी बसून एकमेकांना अनोळखी समजत असतील. पाणिनी मात्र त्यांना केव्हाच सतीर्थ्य म्हणून मोकळा झाला असता.