रोमन रुपें व त्यावरील देवता : गुहागर-दाभोळच्या अनुषंगानें

‘पेरिप्लस’ या ग्रंथांत कल्याणच्या दक्षिणेस जीं बंदरें सांगितलीं आहेत, त्यांपैकीं पॅलिपात्मै म्हणजे दाभोळ व मेलिझेइगर म्हणजे जयगड, असें अनेक पंडित मानतात. गुहागर या दोहोंच्या मध्यें येतें. यावरून, या किनाऱ्यावर रोमन नाण्यांबरोबर त्यांवरील देवताही उतरल्या, असें अनुमान करण्याचा मोह संग्राहकांस होतो. तें अनुमान टिकत नाहीं.

पेरिप्लसांत या बंदरांचीं नुसतीं नांवें आहेत. रोमन सोन्यारुप्याचीं नाणीं येऊन नफ्यानें बदललीं जात, हें विधान भडोचविषयींचें आहे. शिवाय भारतांत विपुल सांपडलेले रोमन रुप्याचे देनारियस मुख्यतः दोन प्रकारचे. ऑगस्टसाच्या नाण्यावर त्याचे दत्तक पुत्र गायस व लूसियस ढालीभाल्यांसह उभे आहेत; ते देव नव्हेत. टायबेरियसाच्या नाण्यावरील बैठी स्त्री शांतिदेवता कीं त्याची माता लिव्हिया, याविषयीं एकमत नाहीं.

खरा पुरावा नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथें १९०६ सालीं निघालेल्या १३,२५० हून अधिक नाण्यांचा. नहपानाच्या या नाण्यांवरील मुखवटे रोमन नाण्यांवरून घेतले, असें रे. स्कॉट यांचें मत होतें. मुखाभोंवतीं ग्रीक अक्षरें असल्यानें तें अगदींच टाकाऊ नाहीं. पण नाणें उलटून पाहावें ! मागें बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. ठसा कोरणाऱ्यापुढें रोमन नाणें असलेंच, तर त्यानें मुख तेवढें घेतलें व देवता सोडून दिली. पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर आपलें चैत्य व उज्जयिनी-चिन्ह ठोकलें. पुष्कळांवर खालचें मुख अजून डोकावतें. त्यासही रुपें हवें होतें, मुखाशीं कर्तव्य नव्हतें.

कोंकणांतील पुतळ्यांची माळ सर्वांच्या परिचयाची आहे. पुतळी हें मूळचें व्हेनिसचें सोन्याचें नाणें. त्यावर एका बाजूस संत मार्कापुढें गुडघे टेकलेला तेथील अधिपति व दुसरीस ख्रिस्त. तें गळ्यांत घालणाऱ्या आपल्या बायकांस कोणी ख्रिस्ती म्हटलें नाहीं.

गुहागर-दाभोळकडे देनारियस हातीं आल्यास मूर्तीची ओळख मागाहून पटवावी. प्रथम तो कोणत्या जागीं, किती खोल, कोणत्या खापरांसोबत निघाला, त्याचें वजन किती व त्यास कडी लावण्याचें भोंक आहे काय, हें टिपून ठेवावें.