वारा, विष आणि स्पेक

रूपक म्हणजे भाषेचा दागिना, असं आपण शाळेत शिकलो. लेकॉफ आणि जॉन्सन यांनी १९८० च्या त्यांच्या पुस्तकात दाखवलं की आपण विचारच मुळी रूपकांतून करतो. रूपक वस्तूची एक बाजू उजळतं आणि दुसरी झाकतं. आज बोलायचंय ते या झाकलेल्या बाजूबद्दल.

दक्षिण कोरियातल्या सौंदर्य-शस्त्रक्रियांच्या बातम्या घ्या. त्यांत तीन शब्द पुनःपुन्हा भेटतात. पहिला 'यॉलपुंग', म्हणजे सोसाट्याचा वारा. आपणही 'फॅशनचं वारं' म्हणतोच की! पण वारा कुणी सोडत नाही, तो सुटतो. मग जाब कुणाला विचारणार?

दुसरा 'जुंगदोक'. या एकाच शब्दात विषबाधाही येते आणि व्यसनही. इथे मात्र दोषी लगेच सापडते: ती मुलगी. खोट तिच्या मनात, उपचारही तिच्यावरच.

तिसरा 'स्पेक'. यंत्राची वैशिष्ट्यं सांगणारा इंग्रजी शब्द तोडून केलेला. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तिथे नोकरीची स्पर्धा तीव्र झाली. पदवी, इंग्रजीच्या परीक्षेतले गुण, या उमेदवाराच्या यादीत पापणीवरची घडीही जाऊन बसली. 'रूप हाही स्पेकच' म्हटलं की चेहरा गुंतवणूक ठरतो, आणि ती न करणारी आळशी.

आता बघा, या तिघांचं आपसांत पटत नाही. तरी तिघं मिळून एकाच माणसाला लपवतात: टेबलापलीकडे बसून अर्जावरचा फोटो न्याहाळणाऱ्याला. अर्जाला फोटो लावायची रीत तिथे जुनी. २०१७ मध्ये सरकारने सार्वजनिक संस्थांच्या भरतीत अर्जावरून फोटो काढायला लावला. म्हणजे प्रश्न बघणाऱ्याच्या नजरेचाही आहे, हे शासनाला कळलं होतं.

कुणी म्हणेल, रूपकं काही कुणाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवत नाहीत. कबूल. पण नंतर बोल कुणाला लावायचा, हे ती ठरवतात. शस्त्रक्रिया केली नाही तर ती मुलगी स्पर्धेत कमी पडली. केली आणि ती दिसून आली, तर इंटरनेटवरच्या बोलीत तिला 'सॉन्गग्वे' म्हणतात, म्हणजे शस्त्रक्रियेने घडलेली राक्षसीण. सुटका कुठूनच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल, तर रूपक बाजूला ठेवा आणि साधं वाक्य करून बघा: कुणी, कुणाचा चेहरा पाहून, काय नाकारलं? प्रश्न लगेच सुटणार नाही. पण आरोपीच्या पिंजऱ्यात निदान ती मुलगी एकटी उभी राहणार नाही.