जमाव, खटला आणि स्मरण : सोलापूर १९३०

‘भारताला स्वातंत्र्य मिळाले’ हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्याच्या रचनेकडे लक्ष जात नाही. ‘मिळणे’ हे क्रियापद अकर्मक आहे; कोणी काय केले हे सांगण्याची सक्ती ते करीत नाही. ‘मिळवले’ म्हणताच मात्र ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. स्वातंत्र्यलढ्याच्या कथनांत या प्रश्नाचे उत्तर कसे दिले जाते, हे सोलापूरच्या १९३० मधील घटनांच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहातून पोलीस आणि जमाव यांच्यात संघर्ष उद्भवला, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे मृत्युमुखी पडले. संतप्त जमावाच्या हातून मंगळवार पेठ चौकीतील दोन पोलीस मारले गेले. त्यानंतरचे काही दिवस या गिरण्यांच्या शहरात ब्रिटिश सत्तेचा अंमल जवळजवळ उरला नाही. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. शासकीय परिभाषेत हे मधले दिवस ‘अराजका’चे, सोलापूरच्या स्मरणात तेच दिवस ‘स्वातंत्र्या’चे. एकाच काळाची ही दोन नावे परस्परविरोधी असली, तरी दोन्ही कथनांपुढची अडचण एकच होती : या घटनेचा कर्ता जमाव होता, आणि जमावाला नाव नसते.

ही अडचण प्रथम न्यायालयाने सोडवली. जमावाला फाशी देता येत नाही. आरोपपत्राला व्यक्ती लागतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ या पत्राचे संपादक अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांच्यावर पोलिसांच्या हत्येचा आरोप सिद्ध झाल्याचे ठरवून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात त्यांना फाशी देण्यात आले. पुढे आपले स्मरणही याच यादीवर उभे राहिले. चौकातील पुतळे चार, जयघोषातील नावे चार. ही निवड चळवळीने केलेली नव्हती, ती खटल्याने केली होती. वसाहतवादी न्यायव्यवस्थेने शिक्षेसाठी तयार केलेली यादी आपण गौरवासाठी स्वीकारली. तिचे मूल्य उलटे केले, रचना तशीच ठेवली. गोळीबारात पडलेले शिवदारे त्यामुळेच ‘चार’ या संख्येच्या बाहेर राहतात.

यातून स्मरणाच्या भाषेत एक अंतर्विरोध शिरला. हे चौघे निरपराध होते, त्यांना खोट्या आरोपात गोवले गेले, असे सोलापुरात आवर्जून सांगितले जाते. आणि त्याच भाषणात त्यांच्या क्रांतिकार्याचा गौरवही होतो. पहिल्या विधानात ते अन्यायाचे बळी आहेत, दुसऱ्यात कृतीचे कर्ते. ही दोन्ही विधाने एकत्र नांदू शकतात ती ‘हुतात्मा’ या शब्दामुळे. स्वतःची आहुती देणारा हा त्याचा अर्थ मृत्यूला कृतीचे रूप देतो, आणि चौकीवर प्रत्यक्ष काय घडले हा प्रश्न अनावश्यक ठरवतो.

हा प्रश्न टाळण्याची गरज का भासली, हे चौरीचौऱ्याच्या तुलनेने स्पष्ट होते. फेब्रुवारी १९२२ मध्ये तेथेही जमावाने पोलीस मारले आणि गांधीजींनी असहकाराची चळवळ थांबवली. फाशी गेलेले तेथील एकोणीस जण राष्ट्रीय कथनात दीर्घकाळ ‘गुन्हेगार’ म्हणूनच वावरले, हे शाहिद अमीन यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे. सरकारी कागदपत्रांची दृष्टी पुढील इतिहासलेखनात नकळत कशी झिरपते, याची मीमांसा रणजित गुहा यांनी त्याआधीच, १९८३ मध्ये केली होती. सोलापूरच्या चौघांना चौरीचौऱ्याचे भागधेय टळले; पण त्याची किंमत जमावाने चुकवली. चौघांना निर्दोष ठरवताना चौकीवरचा हिंसाचार कोणाचाच उरला नाही. अहिंसक लढ्याच्या महाकथनाला ते सोयीचे होते. फाशीच्या दिवशी गांधीजी त्याच येरवडा कारागृहात बंदिवान होते आणि लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद समाप्तीकडे आली होती. मार्च १९३१ च्या गांधी–आयर्विन कराराने पुढे जी कैद्यांची सुटका झाली, तीतूनही हिंसेच्या आरोपाखालील कैदी वगळलेले होते.

चौघांच्या बलिदानाचे मोल कमी करणे हा या विवेचनाचा उद्देश नाही. चार भिन्न समाजांतील ही नावे एकत्र उच्चारली जाणे ही या शहराने स्वतःला दिलेली मोठी शिकवण आहे, आणि आज तिची गरज वाढलीच आहे. परंतु अभ्यासकाने गौरवाची संहिताही खटल्याच्या संहितेइतक्याच सावधपणे वाचली पाहिजे. शिंदीवर कुऱ्हाड चालवणारे, गोळीबारासमोर उभे राहिलेले, चौकी पेटवणारे आणि त्या चौकीत मेलेले दोन पोलीस हे सर्व त्या मे महिन्यातील सोलापूरच होते. त्यांना कथनात जागा मिळत नाही, तोवर ‘स्वातंत्र्य कोणी मिळवले?’ या प्रश्नाला आपण न्यायालयाचेच उत्तर देत राहू.