जाणणें आणि साधणें

टोनी रोमो हा अमेरिकन फुटबॉलमधील डॅलस काउबॉइज संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार. २००३ सालीं नवोदितांच्या निवडींत कोणत्याहि संघानें न घेतलेला हा खेळाडू पुढें संघाचा आधारस्तंभ झाला. परंतु बाद फेरीच्या सहा सामन्यांपैकीं दोनच त्यास जिंकतां आले. २०१७ सालीं खेळ सोडून तो सीबीएस वाहिनीवर समालोचक झाला. जानेवारी २०१९ मधील न्यू इंग्लंड-कॅन्सस सिटी सामन्यांत दोन्ही फळ्यांची मांडणी पाहून, चेंडू हलण्यापूर्वींच पुढची चाल सांगून त्यानें प्रेक्षकांस थक्क केलें.

ही दृष्टि मैदानावर कोठें गेली होती, असा उपहास करणें सोपें, पण अन्यायाचें आहे. जाणणें व साधणें या दोन भिन्न शक्ति होत. जानेवारी २००७ मध्यें सिअ‍ॅटल येथें, लाथेसाठीं धरावयाचा चेंडू त्याच्या हातून निसटला, तो कांहीं अज्ञानामुळें नव्हे.

आमचा आक्षेप निराळा आहे. समालोचकाचें कार्य भविष्य वर्तविणें नसून कारण उलगडणें हें होय. रोमोनें जेथें कारण सांगितलें तेथें प्रेक्षक शहाणा झाला. जेथें नुसतें भाकीत केलें तेथें तो केवळ चकित झाला. टाळ्या मात्र भाकितासच अधिक पडल्या.