एका स्टारची किंमत : एक आकडा उचलण्याआधी

आज एका पेपरबद्दल लिहिते आहे. पेपर चांगला आहे. वाईट वापरलाय तो आपण, आणि त्या 'आपण'मध्ये मीही आले.

माझ्या ओळखीच्या एक बाई दोन खोल्यांत चित्रकलेचे क्लास घेतात. साधारण चाळीस मुलं. काही छंद म्हणून येतात, काही एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीसाठी. मध्यंतरी एक मार्केटिंगवाला त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, "रेटिंग एक स्टारने वाढलं की उत्पन्न नऊ टक्क्यांनी वाढतं, हार्वर्डचं संशोधन आहे." पाच स्टार देणाऱ्या पालकांना फीमध्ये सूट द्या, असा त्याचा सल्ला. बाईंनी मला फोन केला : "तू पीएचडी करतेस ना? हे खरं आहे का गं?"

मी लगेच "हो" म्हणाले. कारण तोच आकडा माझ्या सिनॉप्सिसच्या दुसऱ्या पानावर होता. रात्री पेपर पुन्हा उघडला, या वेळी सारांशाच्या पुढे वाचला, आणि दुसऱ्या दिवशी बाईंना परत फोन करावा लागला.

पेपर आहे मायकल लुका यांचा, हार्वर्ड बिझनेस स्कूलचा २०११ चा वर्किंग पेपर. येल्प या संकेतस्थळावरच्या रेटिंगचा उपाहारगृहांच्या उत्पन्नावर काय परिणाम होतो, हा त्याचा प्रश्न. शहर सिएटल, काळ २००३ ते २००९. उत्पन्नाचे आकडे मालकांना विचारलेले नाहीत, ते वॉशिंग्टन राज्याच्या महसूल विभागाकडून घेतलेत. इथेच पेपरला पहिली दाद द्यायला हवी.

दुसरी दाद पद्धतीला. साधी अडचण बघा : चांगल्या हॉटेलला चांगलं रेटिंग मिळतं आणि गर्दीही होते. मग गर्दी रेटिंगमुळे झाली की चवीमुळे? लुका यांनी येल्पची एक सवय वापरली. येल्प तेव्हा सरासरी जवळच्या अर्ध्या स्टारवर नेऊन दाखवायचं. ३.२४ सरासरी असेल तर ३ स्टार, ३.२५ असेल तर साडेतीन. आपल्याकडे ३४ गुणांचा नापास आणि ३५ चा पास, तसंच. दोघांच्या अभ्यासात फरक नसतो, पण गुणपत्रिकेवर असतो. त्या रेषेच्या अगदी अलीकडची आणि पलीकडची हॉटेलं ताडून पाहिली तर चव जवळपास सारखी आणि दिसणारे स्टार वेगळे. त्यांच्या उत्पन्नात फरक पडला, तर तो स्टारचा. याला रिग्रेशन डिस्कंटिन्युइटी म्हणतात. नाव अवघड आहे, कल्पना दहावीच्या निकालाइतकी ओळखीची.

निष्कर्ष : एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं. पण त्याला लागूनच दुसरा निष्कर्ष आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही : हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांपुरता आहे. साखळी हॉटेलांवर रेटिंगचा परिणाम दिसला नाही. साखळीत काय मिळणार हे गिऱ्हाइकाला आधीच माहीत असतं. अनोळखी हॉटेलाबद्दल ते माहीत नसतं, आणि ती पोकळी रिव्ह्यू भरून काढतो.

आता हे बाईंच्या क्लासला लावून बघू.

पहिली गोष्ट, गूगल रेटिंग दशांशात दाखवतं : ४.६, ४.७. अर्ध्या स्टारची उडी तिथे नाहीच. म्हणजे ज्या पायरीवर उभं राहून लुका यांनी परिणाम मोजला, ती पायरीच आपल्याकडे नाही.

दुसरी, रिव्ह्यूंची संख्या. बाईंकडे १० रिव्ह्यू होते, सगळे पाच स्टारचे. मग एक स्टारचा एक आला. साधी सरासरी धरली तर ५१ भागिले ११, म्हणजे ४.६. हाच रिव्ह्यू २०० पाच-स्टारच्या रिव्ह्यूंनंतर आला असता तर सरासरी ४.९८ राहिली असती. आणि ४.६ वरून पुन्हा ४.९ दिसायला बाईंना पाच स्टारचे आणखी १६ रिव्ह्यू लागतील. चाळीस मुलांच्या क्लासला हे वर्षाचं काम आहे. या आकड्यात गुणवत्ता किती आणि एका पालकाचा एका संध्याकाळचा राग किती, हे वेगळं काढताच येत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हॉटेलात जो जेवतो तोच रिव्ह्यू लिहितो. क्लासमध्ये शिकतं आठ वर्षांचं मूल आणि स्टार देते त्याची आई. तो एक स्टार कशासाठी होता? "सहा महिने झाले, मुलीला अजून साधा देखावा काढता येत नाही." बाई मुलांच्या चित्राला हात लावत नाहीत. डोंगर, सूर्य, नदी, झोपडी असं साच्यातलं काढून देत नाहीत. जिथे सर स्वतः शेवटचा हात फिरवतात, तिथलं चित्र घरच्या ग्रुपवर टाकायला देखणं असतं, आणि पालकही खूश. मग रेटिंग नक्की काय मोजतंय? शिकणं, की घरी आलेला कागद?

ही शंका फक्त माझी नाही. विद्यार्थी शिक्षकांना जे गुण देतात, त्यांचा प्रत्यक्ष शिकण्याशी किती संबंध असतो, यावर उट्ल, व्हाइट आणि गोंझालेझ यांचं २०१७ चं मेटा-विश्लेषण आहे. आधीच्या अभ्यासांत दिसलेला संबंध बराचसा लहान नमुन्यांमुळे दिसत होता, आणि ते लक्षात घेतल्यावर तो जवळजवळ उरत नाही, असं ते दाखवतात. ते संशोधन महाविद्यालयीन पातळीचं आहे, म्हणून तेही जसंच्या तसं चित्रकलेच्या क्लासवर चिकटवू नका. एक चूक दुरुस्त करताना तीच चूक पुन्हा करण्यात अर्थ नाही.

मग लुकांचा पेपर आपल्या काहीच कामाचा नाही का? आहे. आकडा प्रवास करत नाही, पण कारण करू शकतं. छोट्या क्लासला ब्रँड नसतो, नव्या पालकाला आत काय चालतं ते कळत नाही, आणि रिव्ह्यू ती पोकळी भरू शकतो, हे इथेही पटण्यासारखं आहे. मात्र आपल्याकडे ती पोकळी भरणारे आणखीही आहेत : सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, शाळेच्या फाटकापाशी उभ्या आया, वर्षाअखेरचं प्रदर्शन, इंटरमिजिएटचा निकाल. त्यामुळे परिणाम कमी असेल, असा माझा अंदाज. अंदाजच, निष्कर्ष नव्हे.

आणि सूट देऊन रिव्ह्यू घेण्याचं काय? लुका यांनीच जॉर्जिओस झर्वास यांच्यासोबत २०१६ मध्ये बॉस्टनमधल्या उपाहारगृहांवर पेपर प्रसिद्ध केला. येल्पने सुमारे १६ टक्के रिव्ह्यू संशयास्पद म्हणून बाजूला काढले होते. खोट्या रिव्ह्यूंकडे वळण्याची शक्यता कोणाची जास्त? ज्यांचे रिव्ह्यू थोडे, किंवा ज्यांना नुकतेच वाईट रिव्ह्यू आलेत. साखळी हॉटेलांची कमी. दोन्ही पेपर शेजारी ठेवा : स्टारचा फायदा ज्यांना जास्त, मोहही त्यांनाच जास्त. त्या मार्केटिंगवाल्याने पहिला पेपर दाखवला, दुसरा नाही. शिवाय पैसे किंवा सवलत देऊन रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी काढलेलं आयएस १९००० हे मानकही, ऐच्छिक असलं तरी, याच्या विरुद्ध दिशेचं आहे.

बाईंनी सूट दिली नाही. त्या एक स्टारच्या रिव्ह्यूखाली त्यांनी चार ओळींचं उत्तर लिहिलं : मी मुलांच्या चित्राला हात लावत नाही, का लावत नाही, आणि तुम्हाला देखावाच हवा असेल तर माझा क्लास तुमच्यासाठी नाही. आता नवे पालक फोनवर त्याच उत्तराबद्दल विचारतात. काही येतात, काही येत नाहीत. प्रवेश वाढले का, हे मी सांगणार नाही. एका क्लासवरून काय सांगायचं?

तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करताना असे शेकडो आकडे टिपून ठेवाल. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा : कुठे मोजला, कोणावर मोजला, कशाशी तुलना करून मोजला. तिन्ही लिहिता आल्या नाहीत, तर तो आकडा अजून तुमचा झालेला नाही.

माझ्या सिनॉप्सिसमधलं जुनं वाक्य होतं : "ऑनलाइन रिव्ह्यूंमुळे उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते." नवं वाक्य : "सिएटलमधील स्वतंत्र उपाहारगृहांच्या उत्पन्नावर येल्प रेटिंगचा परिणाम आढळला आहे, शिकणारा आणि रिव्ह्यू देणारा वेगवेगळे असतात अशा छोट्या कलावर्गांना तो लागू होतो का, हे तपासणे बाकी आहे." वाक्य लांबलं खरं. पण माझा संशोधनप्रश्न मला त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात सापडला.